आगळात बुडवलेली झडप

सहदेव,

जय भीम. हे पत्र तू स्वतः वाचणार नाहीस. तुझा चष्मा गाडीच्या कप्प्यात असतो आणि तो "फक्त गाडी चालवायला" असतो. म्हणजे कमला मोठ्याने वाचेल आणि तू पडवीत पाय पसरून, हे सगळं दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय असा चेहरा करून ऐकशील. चालेल मला. कमल, अडखळू नकोस, आणि नवऱ्याची बाजू घेऊन मधलं काही गाळू नकोस.

लिहायचं कारण असं, की आपल्या वाडीच्या मंडळाला अंक काढायचाय आणि "वाडीतल्या एका माणसावर लिहून द्या" असं मला सांगून गेलेत. त्यांच्या मनात कोण होतं ते मला कळलं. मंत्रालयात लागलेले, बँकेत मॅनेजर झालेले. त्यांच्यावर लिहायला त्यांचे भाचे-पुतणे समर्थ आहेत. मी म्हटलं, मी सहदेववर लिहिणार. मंडळाच्या पोरांची तोंडं बघण्यासारखी झाली. एक जण म्हणाला, "बाई, पण सहदेवकाकांनी केलं काय?"

म्हटलं, "तेच लिहिते."

तू भांडुपच्या एका कारखान्याची बस चालवायचास. कारखाना बंद पडला, तशी बरोबरीची माणसं तिथेच रिक्षा नाहीतर वॉचमनकी बघायला लागली. तू मात्र मिळालेल्या पैशांतून नऊ सीटची डिझेल गाडी घेतलीस आणि कमलाला पुढच्या सीटवर बसवून हातखंब्याला परत आलास. तेव्हापासून सकाळी वाडीतून रत्नागिरी, संध्याकाळी रत्नागिरीतून वाडी. सिव्हिलच्या नर्सा, आयटीआयची मुलं, कोर्टाची तारीख असलेले, दाढ दुखणारे, आणि निवृत्त झाल्यावरही बाजाराची हौस न गेलेली मी.

तुझ्या गाडीत बसणारा माणूस कधी घाबरला नाही. घाबरण्याएवढा वेग तिला कधी मिळालाच नाही. गाडी जरा हलली की तू वरचा गिअर टाकतोस, आणखी जरा हलली की टॉप. पुढे रत्नागिरीपर्यंत तुझा पाय ॲक्सिलरेटरवर असा ठेवलेला, जसं काही खाली कुणाचं तान्हं निजलंय. चढावर इंजिन कण्हतं, तू खिडकीतून कुणाच्या तरी काजूला मोहोर आलाय का ते बघतोस. नर्सा म्हणतात, ओले केस घेऊन बसलं तरी रत्नागिरीत शिरताना साळवी स्टॉपला वाळलेले असतात. बैलगाड्या संपल्या म्हणून तुझी अब्रू वाचली, नाहीतर एखादीने तुला मागे टाकलं असतं.

मी एकदा विचारलं होतं, "सहदेव, जरा जोरात घे की."

तू म्हणालास, "बाई, गाडी दमवून काय मिळणार?"

तुला वाटायचं हे प्रेम आहे. त्याच प्रेमाने गाडीचा गळा दाबला, ते पुढे सांगतेच.

गेल्या फाल्गुनात मी पुढच्या सीटवर बसले होते. समोर काटे, दिवे असतात तिथे काळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा.

"हे काय?"

"टेप."

"ते दिसतंय मला. खाली काय आहे?"

"दिवा."

"पेटलेला?"

"टेप लावल्यापासनं बगितला नाय."

मी नखाने टेप उचकटली. खाली इंजिनाचं पिवळं चित्र ठणठणीत पेटलेलं. तू शांतपणे टेप परत चिकटवलीस आणि म्हणालास, "डोळ्यात येतं हो." बत्तीस वर्षं मी हायस्कुलात विज्ञान शिकवलं, वहीतलं चुकीचं उत्तर हाताने झाकणारी मुलं पुष्कळ पाहिली, पण साठी उलटलेला विद्यार्थी हा पहिलाच.

मग जे व्हायचं तेच झालं. साळवी स्टॉपच्या चढावर, बरोबर ऑफिसच्या वेळेला, गाडीने हाय खाल्ली. जोर जाईना, मागून काळा धूर, त्यामागे भोंग्यांची रांग. नर्सा उतरल्या आणि चालत तुझ्यापुढे निघून गेल्या. हे कुणीतरी मोबाइलवर टिपलं आणि तासाभरात ते कल्याणला केतनकडे पोचलं. केतन, तुझा मुलगा. माझा विद्यार्थी. हुशार, प्रेमळ, आणि वडिलांना आपल्या सोयीच्या जागी नेऊन ठेवलं की काळजी मिटते असं मानणारा.

फोन त्याने तुला केला नाही, मला केला.

"बाई, तुमचं ऐकतात ते. गाडी विकायला सांगा. लांज्याचा एक माणूस आहे, आहे त्या हालतीत घ्यायला तयार आहे. आईला आणि त्यांना मी इकडे आणतो."

"त्याला विचारलंस?"

"विचारलं तर ते काजूच्या मोहोराबद्दल बोलतात."

हे मात्र खरं होतं.

"हे बघा बाई," तो म्हणाला, "मी चौदा एप्रिलला येतोयच. मिरवणुकीत गाडी पुढे असते. त्या दिवशी ती नीट चालली तर मी परत विषय काढणार नाही. पण मिरवणुकीत बंद पडली तर दुसऱ्या दिवशी गाडी लांज्याला आणि हे दोघं माझ्याबरोबर. चालेल?"

मी तुला येऊन सांगितलं. कल्याणला केतनच्या अकराव्या मजल्यावरच्या घरी तू एकदा आठवडाभर राहून आलायस. कमलाने मला सांगितलंय तू तिथे काय करायचास. दिवसभर खिडकीत उभा राहून खालच्या वळणावरच्या टेम्पोवाल्यांना सूचना द्यायचास. "घे, घे, अजून घे, आता सरळ कर." काच बंद असायची.

उरलेलं आयुष्य त्या काचेमागे काढायचं की नाही, ते आता एका गाडीवर ठरणार होतं. आणि परीक्षा साधी नव्हती. आपली जयंतीची मिरवणूक म्हणजे वाडीतून फाट्यापर्यंत आणि परत विहारापर्यंत, माणसाच्या चालीने. पुढे तुझी गाडी, टपावर बाबासाहेबांची तसबीर आणि निळे झेंडे, मागे लेझीम. दर दहा पावलांवर थांबायचं, पहिल्या गिअरात इंजिन नुसतं धुगधुगत ठेवायचं, ते उन्हात दोन तास. धडधाकट गाडीचा जीव जातो त्यात. हा मान तुला कुणी ठराव करून दिलेला नाही. पहिल्या वर्षी तुझी गाडी नवी होती म्हणून ती पुढे लावली, आणि तेव्हापासून दुसऱ्या कुणी गाडी पुढे आणायचं मनातसुद्धा आणलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आपण हातखंब्याला शुभंकरच्या गॅरेजला गेलो. हा शुभंकर पुण्याहून डिप्लोमा करून आलेला, आणि ते तो गिऱ्हाइकाला पाच मिनिटांत सांगतोच. लॅपटॉपची वायर गाडीच्या पायाशी कुठेतरी खुपसली, पडद्यावर आकडे आले आणि त्याच्या अंगात आलं.

"ईजीआर, काका. म्हटलंच होतं मी."

"कवा म्हटलंस?" तू विचारलंस. "आत्ता तर आलो."

ईजीआर काय ते मी त्याच्याकडून समजून घेतलं, आणि अंकाच्या वाचकांना माझ्या पद्धतीने सांगते, कारण त्याच्या पद्धतीने सांगितलं तर जेवायची वेळ होईल. इंजिन फार तापलं की हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन विषारी वायू होतो. म्हणून इंजिनाने बाहेर टाकलेला थोडा धूर परत त्याच्याच पोटात पाठवायचा. त्या धुरात आगीला लागणारा ऑक्सिजन फारसा उरलेला नसतो, त्यामुळे आतली आग थोडी मंद जळते आणि विष कमी होतं. किती धूर परत पाठवायचा ते एक झडप ठरवते. तिला ईजीआरची झडप म्हणतात. ती वेळच्या वेळी उघडायला आणि मिटायला हवी, आणि धुराची वाट मोकळी हवी. एवढंच.

"मग बिघडलं कशाने?" मी विचारलं.

शुभंकर तुझ्याकडे बघून म्हणाला, "काका गाडी कशी चालवतात?"

मी म्हटलं, "निजलेल्या तान्ह्यासारखी."

"तेच. इंजिन कधी तापतच नाही. काजळी जळून जायला ते तापायला पाहिजे ना. टॉप गिअरात तीसच्या स्पीडनं गेलं की काजळी आत बसत जाते, तेलाचा ओशटपणा तिला धरून ठेवतो. काका, तुम्ही गाडी चालवत नाही, तिला शतपावलीला नेता."

तुझा चेहरा असा झाला, की कुणी तुझ्या स्वयंपाकाला नावं ठेवावीत. म्हणजे कमलाच्या.

त्याने दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे झडपेच्या तोंडाशी पत्रा मारून धुराची वाट कायमची बंद करायची. "सगळे हेच करतात, काका. टेन्शनच नाही."

तेव्हा तू जे बोललास ते मी मुद्दाम लिहून ठेवते. तू म्हणालास, "जयंतीला पुढं चालणारी गाडी. तिच्या पोटात खोट नको. बाहेर कुणाच्या नाकात काय जातं, ते बी बगायला हवं." आणि लगेच नेहमीसारखा मूर्खपणा केलास, त्यामुळे मला तुझं फार कौतुक करावं लागलं नाही.

दुसरी वाट म्हणजे झडप सोडवून साफ करायची. शुभंकर म्हणाला, साफ करायचा स्प्रे संपलाय, परवा येईल. तू म्हणालास, "साफच करायची ना? मंग घरी करतो." आणि ती झडप फडक्यात गुंडाळून, ताजी सुरमई मिळाल्यासारखी पिशवीत घालून घेऊन गेलास.

तिसऱ्या दिवशी सकाळी कमला माझ्या दारात. हातात काचेची बरणी.

"बाई, बघा. बघा ह्यांचं शिक्षण."

बरणीत गेल्या वर्षीचं कोकमाचं आगळ होतं, घट्ट, लालभडक, मीठ घालून मुरवलेलं. आणि त्यात तुझी ईजीआरची झडप बुडालेली. तिची वायर कोळंबीच्या मिशीसारखी बरणीबाहेर लोंबत होती.

तू मागून आलास. अजिबात न वरमता.

"तांब्याची घागर कशाने निघते, बाई?"

"कोकमाने."

"पितळेची समई?"

"कोकमाने."

"मंग?"

"मग तुझं डोकं! अरे, तांब्यावर असतो तो गंज, तो आंबटात विरघळतो. ही काजळी आहे. कोळसा. कोळशाचा आणि आमसुलाचा काय संबंध? आणि ही वस्तू तांब्याची नाही, ॲल्युमिनियमची आहे. आगळात मीठ किती असतं?"

"भरपूर," कमला म्हणाली. "वर्षभर टिकावं म्हणून घातलं होतं. ह्यांच्या झडपेसाठी नाय."

"दोन रात्री ठेवली तर," तू म्हणालास, "उजळायला हवी होती."

बाहेर काढली. काजळी होती तशीच होती, उलट ती चमकायला लागली होती. मात्र जिथे धातू उघडा होता तिथे पांढरी भुकटी आणि टाचणीने टोचल्यासारखी भोकं. वायर जिथे लागते त्या पिना हिरव्या. मी विज्ञान शिकवत होते तेव्हा हा प्रयोग करायची माझी फार इच्छा होती, शाळेने सामान दिलं नाही.

कमला तुला म्हणाली, "अवो, त्या आगळाची आता सोलकढी करू? डिझेलचा वास येतोय, पण तुमाला चालंल."

शुभंकरने ती झडप हातात घेतली. मग त्याने ती नाकाशी नेली.

"काका... लसूण नाही घातलीत?"

नवी झडप कोल्हापूरहून मागवली. ती आली तेव्हा जयंतीला आठवडासुद्धा राहिला नव्हता. बसवली, शुभंकरने लॅपटॉपवर आधीची तक्रार पुसली, तू हातखंब्याचा एक फेरा मारलास, आणि दिवा परत पेटला. तेच चित्र, तसंच पिवळं. गाडी चढावर तशीच कण्हायला लागली.

त्या संध्याकाळी मी तुमच्याकडे आले तेव्हा तू अंगणात बसला होतास. गाडी पुसत नव्हतास. तुझ्या हातात फडकं नाही असं मी पहिल्यांदाच बघत होते. तू म्हणालास, "कल्याणला नळाला दिवसभर पाणी असतं म्हणे, बाई. कमलाला बरं पडेल."

कमला आतून म्हणाली, "मला मधी घालू नका."

मला तुझा असा राग आला, की काय सांगू. दुःखी माणसाची समजूत घालणं मला जमत नाही, कधीच जमलं नाही. मी म्हटलं, "उद्या सकाळी गॅरेजला यायचं. रडायचं असेल तर तिथे रड, तिथे ऑइलचे बोळे आहेत डोळे पुसायला."

सकाळी शुभंकर सेन्सर बदलायला निघाला होता. सेन्सर बदलू, वायरिंग बदलू, एकदम सगळंच बदलून टाकू, बघू काय होतंय.

"थांब," मी म्हटलं. "पाच गोष्टी एकदम बदलल्यास तर कशाने बरं झालं ते तुला तरी कळेल का? एका वेळी एक. तुझा लॅपटॉप नक्की काय म्हणतो?"

"धूर पुरेसा परत येत नाहीये."

"झडप उघडते?"

त्याने बटण दाबलं. झडप टकटक करत उघडली, मिटली, उघडली.

"उघडते."

"मग धूर अडतो कुठे?"

शुभंकर पडद्याकडे बघत राहिला. उत्तर पडद्यावर नव्हतं. आणि मागून, टायरवर बसल्या बसल्या, तू अगदी वैतागून म्हणालास, "नळाला पानी येत नाय तर आपण तोटी बदलतो, की पाइप बगतो?"

आम्ही दोघांनी तुझ्याकडे वळून बघितलं. म्हणजे मी आणि शुभंकरने.

दर उन्हाळ्यात आपल्या वाडीचं पाणी बंद पडतं. वरच्या झऱ्यापासून पाइप येतो, त्यात पाला, मुळं जाऊन बसतात. पंचायतीचा माणूस येऊन प्रत्येक वेळी तोटी बदलून जातो, आणि प्रत्येक वेळी तूच वर जाऊन पाइप सोडवून काठीने कोंडलेला पाला काढतोस. वर्षानुवर्षं. आणि इथे बसून तू पहिल्या दिवसापासून तोटी बदलताना बघत होतास! एवढी अक्कल आगळाच्या आधी चालली असती तर कमलाची बरणी वाचली नसती का?

शुभंकरने झडपेपुढचा पाइप आणि इंजिनाकडे जाणारं हवेचं तोंड सोडवलं. मनगट जाईल एवढी वाट, तिच्यात करंगळी शिरेना. आत काळा, ओशट, डांबरासारखा थर. झडप कितीही उघडली तरी धूर जाणार कुठून?

या वेळी आगळ आणायचं नाही असं मी तुला शपथेवर सांगितलं. शुभंकरचा स्प्रे आला होता. तो मारायचा, मऊ होऊ द्यायचं आणि खरवडायचं. त्याच्या ब्रशाचे केस वळणापर्यंत पोचेनात, तेव्हा तू उठून पलीकडच्या माडाच्या झावळीचे हीर, त्या ताठ काड्या, काढलेस, जुडी बांधलीस, आणि दुपारभर तो पाइप झऱ्याच्या पाइपासारखा घासत बसलास. कोपरापर्यंत काळा. कमलाने डबा पाठवला होता, तो तुला मी भरवावा अशी तुझी अपेक्षा असावी. मी भरवला नाही. शुभंकरने भरवला.

गाडी जोडून झाल्यावर शुभंकर म्हणाला, "आता खरं काम. आत उरलेलं आहे ते जाळायला हायवेला दामटवायची. तिसरा गिअर, पाय दाबून. हलक्या पायाने नेलीत तर महिन्याभरात परत इथेच याल."

पालीच्या बाजूच्या मोठ्या रस्त्याला तू गाडी घेतलीस. मी पुढे, शुभंकर मागे लॅपटॉप मांडीवर घेऊन. सवयीने तुझा हात गिअरकडे गेला.

"तिसराच!" शुभंकर ओरडला.

"इंजिन वरडतंय रे."

"ओरडू दे," मी म्हटलं. "मी वर्गात ओरडायचे, कुणी मेलं का? केतनला विचार. दाब पाय!"

"बाई, वळण हाय."

"वळण त्या डोंगराच्या पलीकडे आहे! दाब!"

तू दाबलास. देवाशपथ सांगते (आपण देव मानत नाही, पण त्या क्षणी दुसरा शब्द सुचला नाही), गाडी अशी उसळली की शुभंकरचा लॅपटॉप मांडीवरून पडला. मागे काळ्या धुराचा एवढा मोठा लोट गेला, की एक मोटारसायकलवाला त्यातून बाहेर आला तेव्हा रागावलेला होता हे फक्त त्याच्या दातांवरून कळलं. तुझे दोन्ही हात स्टिअरिंगला घट्ट, कपाळावर घाम, आणि तोंडाने तू गाडीची माफी मागत होतास. "चल गो बाय, थोडं ऱ्हायलं, थोडंच ऱ्हायलं." दुसऱ्या चढाला धूर करडा झाला. तिसऱ्या चढाला मी मागे वळून बघितलं, तर रस्ता स्वच्छ दिसत होता.

परत येताना तू हळूच विचारलंस, "कितीवर गेलो असू?"

"सत्तर," शुभंकर म्हणाला.

तुला चक्कर आल्यासारखं झालं. एवढ्या वेगाने तू मुंबई सोडलीस तेव्हासुद्धा आला नसशील.

दिवा पेटला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. टेप काढून मी खात्री केली, कारण तुझ्या शब्दावर माझा विश्वास नव्हता.

आणि जयंती. केतन पांढऱ्या शर्टात, पहाटेच्या गाडीने आलेला. तुझ्या पाया पडला आणि सरळ गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला, सायलेन्सरशी. मिरवणूकभर तो तिथेच चालला. लेझीमवाल्या मुली त्याला सांगत होत्या, "दादा, बाजूला व्हा," तो होईना. गाडी दहा पावलं जायची, थांबायची, धुगधुगायची. मी कडेने चालत होते. तुझी मान ताठ होती आणि तू काजूकडे बघत नव्हतास.

फाट्यावर वळताना एका ट्रेलरने वाट अडवली. सगळे थांबले. ऊन, ताशे, घोषणा, आणि त्या सगळ्याखाली मला तुझ्या इंजिनाचा आवाज खाली जाताना ऐकू आला. एकदा खोकलं. परत खोकलं. केतनने मान वर केली. कमला माझ्या शेजारी होती, तिने माझं मनगट धरलं. तिला कल्याणला जायचंय की नाही ते मला इतके दिवस कळलं नव्हतं, ते त्या पकडीतून कळलं.

सहदेव, तुझा जुना पाय असता तर तू त्या क्षणी गाडीला आणखी जपलं असतंस, आणि ती तिथेच निजली असती. तू गिअर काढलास आणि पाय दाबलास. भर मिरवणुकीत! इंजिनाने अशी डरकाळी फोडली, की लेझीमच्या पहिल्या रांगेतल्या मुली टुणकन मागे उडाल्या आणि ताशेवाल्याचा ठेका चुकला. केतनच्या पांढऱ्या शर्टाला एक काळा ठिपकासुद्धा लागला नाही. मी जवळ जाऊन बघितलं. मग ट्रेलर सरकला, तू पहिला टाकलास, आणि विहारापर्यंत गाडी परत खोकली नाही.

विहाराच्या पायऱ्यांवर केतनने लांज्याला फोन लावला. "नाही हो... नाही, बाबांची गाडी द्यायची नाही." मग आईला म्हणाला, "तू आधी का नाही बोललीस, तुला यायचं नव्हतं ते?"

"मला कुणी विचारलंच नाय," कमला म्हणाली. "तू बाईंना विचारलंस, हे मेकॅनिकला विचारत बसले. मी बॅगच भरली नव्हती, त्यावरनं कळायला नको?"

तू गाडी पुसत होतास.

त्या दिवशी तू फार खुशीत होतास. खिरीची दुसरी वाटी घेत मला म्हणालास, "बाई, तुमच्या परसात दोन माड लावायचे म्हणता ना? भाट्याच्या नारळ केंद्रातनं चांगली रोपं मिळतात. तुमी खड्डे खणून ठेवा, मे संपायच्या आत मी तुमाला नेऊन आणतो. आपली गाडी हाय."

मी खड्डे खणून घेतले. वाडीतल्या भागोजीने खणले, आणि ज्याने जांभा दगड खणलाय त्याला ठाऊक आहे की तो माझ्यावर अजून किती चिडलेला असेल. मे संपला. मी विचारलं तेव्हा तू म्हणालास, लग्नसराई आहे, गाडी भरलेली असते. जूनमध्ये म्हणालास, शाळा सुरू झाल्या, जागा नाही. खरंच नाही. हल्ली गाडी पळते म्हणून नर्सा भांडून पुढची सीट धरतात आणि मला मागे, कोपऱ्यात, कुणाच्या तरी मासळीच्या टोपलीशेजारी बसावं लागतं.

परवा शेवटचं विचारलं. तू अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणालास, "बाई, भाट्याचा फेरा लहान हाय हो. त्यात पुलावर गर्दी, पहिल्या-दुसऱ्यात जायचं. असल्या फेऱ्यांनी काजळी धरते. शुभंकरनं सांगितलंय, गाडीला आता लांबचाच रस्ता पायजे."

कमल, हे वाचून झालं की त्याच्या तोंडाकडे बघ आणि मला सांग तो हसतोय का. माझ्या परसातले दोन्ही खड्डे पावसाने गळ्यापर्यंत भरलेत आणि त्यात बेडकं ओरडतात.